पंचगंगेच्या खोऱ्यातील मृदाप्रदूषण : मीठ, पाणी आणि निचरा

सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तेथून शंभरेक किलोमीटरवर, त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या शिरोळ तालुक्यात तो जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर भरतो. एवढ्या थोड्या अंतरात पावसाचा एवढा फरक पडत असल्यामुळे जिल्ह्याच्या दोन टोकांच्या मातीची दुखणीही एकमेकांच्या उलट आहेत. पश्चिमेकडची जांभ्याची माती शतकानुशतकांच्या पावसाने धुऊन निघून आम्ल झालेली आहे, तर पूर्वेकडच्या काळ्या मातीत, जे क्षार वाहून जायला हवे होते, ते साठून राहिले आहेत. मृदाप्रदूषणाचा विचार करताना वाचकाच्या डोळ्यांपुढे सहसा कारखान्याच्या मागील बाजूने वाहणारे रंगीत पाणी किंवा शहराबाहेरचा कचऱ्याचा डोंगर उभा राहतो, आणि कोल्हापूर परिसरात ही दोन्ही दृश्ये आहेतही. परंतु या जिल्ह्यात सर्वाधिक शेतजमीन ज्या कारणाने नापिकीकडे गेली, ते कारण म्हणजे नदीचे साधे पाणी होय.

मातीत एखादा पदार्थ जेथे असू नये तेथे असणे, किंवा नेहमीपेक्षा इतक्या जास्त प्रमाणात असणे की त्याचा वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव वा माणूस यांना अपाय व्हावा, याला मृदाप्रदूषण म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१८ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील व्याख्येचा आशयही साधारण असाच आहे. काही अभ्यासक मातीत क्षार साठण्याच्या प्रक्रियेला प्रदूषण न म्हणता मृदेची अवनती म्हणतात आणि प्रदूषण हा शब्द जड धातू, कीटकनाशके, खनिज तेले यांसारख्या विषारी द्रव्यांसाठी राखून ठेवतात. वर्गीकरणाच्या सोयीसाठी हा भेद ठीक असला तरी शेतीच्या दृष्टीने तो फारसा उपयोगाचा नाही, कारण सोडियमने भरलेल्या जमिनीत आणि शिशाने भरलेल्या जमिनीत पीक घेणाऱ्याचे नुकसान सारखेच खरे असते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे कोल्हापुरात शेतीतून येणारा सोडियम आणि कारखान्यातून येणारा सोडियम एकाच नदीत व एकाच मातीत भेटतात.

प्रदूषणाला नेहमी माणूसच जबाबदार असतो असे नाही. पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर या भागांतील काही गावांच्या मातीत सेलेनियम हे मूलद्रव्य खडकांच्या गाळातून नैसर्गिकरीत्याच इतके आले आहे की तेथील चारा खाणाऱ्या जनावरांची शिंगे व खूर गळून पडतात. गंगेच्या त्रिभुज प्रदेशातील आर्सेनिकही हिमालयातून वाहत आलेल्या गाळातलेच आहे. महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा, जेथे कालवे येण्याच्या कितीतरी आधीपासून विहिरींचे पाणी खारट आणि माती चोपण आहे. कोल्हापूरच्या पूर्व भागाची जमीन जन्मतः एवढी वाईट नव्हती, परंतु वाईट होण्याची पूर्वतयारी तिच्यात निसर्गानेच करून ठेवलेली होती, आणि ती समजल्याशिवाय माणसाने नेमके काय बिघडवले हेही नीट समजत नाही.

दख्खनच्या पठाराचा खडक म्हणजे बेसाल्ट, अर्थात काळा पाषाण. त्यातील फेल्स्पार व इतर खनिजांवर पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याची क्रिया होऊन कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम मोकळे होतात. जेथे पाऊस भरपूर आहे, तेथे हे सर्व विद्राव्य पदार्थ पाण्याबरोबर निघून जातात आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे उरतात; शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या तालुक्यांच्या सड्यांवरील लाल जांभा आणि त्यातील बॉक्साइट यांचा जन्म असाच झाला. जेथे पाऊस कमी आहे, तेथे हे पदार्थ खडक सोडतात पण जमीन सोडत नाहीत. त्यांपैकी कॅल्शियम चुनखडीच्या खड्यांच्या रूपाने घट्ट होऊन बसतो आणि मातीतील पाण्यात सोडियमचे प्रमाण तुलनेने वाढत जाते. त्यात भर म्हणजे काळ्या मातीतील चिकणमाती ही स्मेक्टाइट वर्गातील असते, म्हणजे तिचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आक्रसून भेगाळतात. फुगलेल्या अवस्थेत तिच्यातून पाणी खाली झिरपण्याचा वेग अतिशय मंद असतो. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांच्या संगमाने प्रयाग चिखलीजवळ सिद्ध होणारी पंचगंगा पूर्वेकडे वाहत नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते, वारणा आणि दूधगंगाही याच परिसरात कृष्णेला येऊन मिळतात, आणि त्यामुळे शिरोळ तालुका हा चार नद्यांनी आणलेल्या गाळाचा सखल, जवळजवळ सपाट प्रदेश बनलेला आहे. खोल काळी माती, अत्यल्प उतार, कमी पाऊस आणि कडक ऊन या चारही गोष्टी तेथे एकत्र आलेल्या आहेत. अशा जमिनीवर जोवर जोंधळा, हरभरा, तंबाखू यांसारखी पावसाच्या ओलीवर येणारी पिके होती, तोवर भूजल खोल होते आणि क्षारही खालच्या थरांत निपचित पडून होते.

या प्रदेशात पाणी आणण्याचा इतिहास गौरवाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०९ साली भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले आणि पैशाअभावी थांबलेले ते काम स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात पूर्ण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रात ठिकठिकाणी अडवण्यासाठी दगडी खांबांच्या मधल्या खाचांत लाकडी बर्गे बसवण्याची जी पद्धत येथे रूढ झाली, ती कोल्हापूर पद्धतीचा बंधारा या नावाने महाराष्ट्रभर गेली. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी या बंधाऱ्यांची माळच आहे. बंधाऱ्यात साठलेले पाणी सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी पंपांनी उचलून माळापर्यंत नेले, त्यामागोमाग सहकारी साखर कारखाने आले, आणि दोन-तीन दशकांत ज्वारीच्या शिवाराचे रूपांतर उसाच्या फडात झाले. या सगळ्यात एकच गोष्ट राहून गेली. शेतात पाणी आणण्यासाठी धरण, बंधारा, पंपगृह, जलवाहिनी आणि पाट एवढी यंत्रणा उभी राहिली, परंतु शेतातून पाणी बाहेर नेण्यासाठी एकही चर कोणी आखला नाही, आणि गावोगावचे जे नैसर्गिक ओढे व ओघळ हे काम फुकट करत होते तेही अतिक्रमणाने, बांध घालून वा सपाटीकरणात बुजून गेले.

पुढे जे घडले त्याचे भौतिकशास्त्र सोपे आहे. उसाला सरीतून मोकाट पाणी दिले जाते, त्यातील बराचसा भाग मुळांच्या खाली जातो आणि खालचा थर झिरपा घेत नसल्यामुळे भूजलाची पातळी वर्षागणिक वर चढते. नदीकाठी बंधाऱ्यांमुळे पात्रही उन्हाळाभर तुडुंब असल्याने जमिनीतील पाण्याला नदीकडे उतरायला वावच राहत नाही. ही पातळी जमिनीच्या पृष्ठभागापासून दीड-दोन मीटरच्या आत आली की मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, पाणी आपोआप वर चढू लागते. या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. वर आलेल्या पाण्याची उन्हाने वाफ होते, पण त्यात विरघळलेल्या क्षारांची होत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सऱ्यांच्या माथ्यावर पांढरी भुकटी फुललेली दिसते ती हीच. शेतकरी तिला मीठ फुटले असे म्हणतात आणि ते रासायनिकदृष्ट्या अगदी योग्य आहे, कारण त्या पांढऱ्या थरात सोडियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची क्लोराइडे आणि सल्फेटे असतात.

पिण्याच्या योग्यतेच्या पाण्याने जमीन खारावते हे अनेकांना पटत नाही, म्हणून एक हिशेब मांडणे उपयोगी ठरेल. समजा सिंचनाच्या पाण्यात लिटरमागे केवळ अर्धा ग्रॅम क्षार आहेत, म्हणजे चवीला ते पाणी गोडेच लागेल. एक एकर क्षेत्रावर मीटरभर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे चाळीस लाख लिटर, आणि त्यातून येणारे क्षार सुमारे दोन टन. मोकाट पद्धतीने भिजवलेला ऊस वर्षभरात दोन मीटरहून अधिक पाणी सहज घेतो, तेव्हा एकरी चार टन क्षार दर वर्षी शेतात येतात. नदीच्या वरच्या टप्प्यातील पाण्यात क्षार याहून कमी असतात आणि खालच्या टप्प्यातील विहिरींच्या पाण्यात याहून पुष्कळ जास्त, परंतु तत्त्व तेच राहते: ऊस यांतील फारच थोडे क्षार उचलतो, आणि निचरा नसेल तर बाकीचे सारे तेथेच राहतात.

अशा जमिनींचे तीन प्रकार केले जातात आणि ते ओळखण्यासाठी अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ साली ठरवलेले निकष आजही वापरले जातात. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे त्यातून वीज किती सहज जाते याचे माप, हे त्यातील एकूण विद्राव्य क्षारांचे निदर्शक असते; ती मीटरला ४ डेसिसायमनहून जास्त असली आणि मातीच्या कणांना चिकटलेला, म्हणजेच विनिमयक्षम, सोडियम १५ टक्क्यांहून कमी असला तर जमीन क्षारयुक्त समजली जाते. वाहकता ४ हून कमी, पण विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर आणि सामू सर्वसाधारणपणे ८.५ च्या वर असेल तर ती चोपण, आणि वाहकता व सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण होय. हा फरक केवळ पुस्तकी नाही. क्षारयुक्त जमिनीत मातीची रचना चांगली असते, फक्त खारट द्रावणामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही; चोपण जमिनीत मात्र सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांपासून सुटून पसरतात, छिद्रे बुजतात, पाणी वर साचते आणि वाळल्यावर पृष्ठभाग सिमेंटसारखा कडक होतो. पहिली जमीन धुऊन सुधारते, आणि दुसरी नुसती धुतली तर आणखी बिघडते.

उसाला क्षार सहन होतात हा समज या भागात बराच खोलवर रुजलेला आहे, पण तो चुकीचा आहे. पिकांच्या क्षारसहनशीलतेविषयी मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ साली संकलित केलेल्या आकड्यांनुसार उसाचे उत्पादन मातीची वाहकता १.७ डेसिसायमनच्या वर गेल्यापासूनच घटू लागते आणि पुढे प्रत्येक डेसिसायमनमागे सुमारे सहा टक्क्यांनी उतरते, तर कापसाची हीच मर्यादा ७.७ आणि सातूची ८ आहे. म्हणजे जमीन अधिकृत व्याख्येने क्षारयुक्त ठरते तेव्हा, वाहकता ४ असताना, उसाचे तेरा-चौदा टक्के उत्पादन आधीच गेलेले असते. घटलेला उतारा भरून काढण्यासाठी शेतकरी जास्त खत आणि जास्त पाणी देतो, आणि त्या दोन्हींतून पुन्हा क्षारच वाढतात. उतारा घटला तरी ऊस उभा राहतो, हेच त्याला न सोडण्याचे कारण ठरते. इतर बरीच पिके त्या जमिनीत उगवतही नाहीत, आणि शेवटी ऊसही उगवेनासा झाला की शिवारात लव्हाळा आणि बाभळी यांचे राज्य सुरू होते.

हे संकट कोल्हापूरवर अनपेक्षितपणे कोसळले असे म्हणता येत नाही. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात सुरू झाला आणि पंचवीस-तीस वर्षांतच बारामतीकडच्या जमिनी खारावू लागल्या. मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याचे हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे १९२०च्या दशकात सी. सी. इंग्लिस व गोखले या अभियंत्यांनी निचऱ्याचे प्रयोग केले. रोगाचे निदान आणि उपचार मराठी मुलुखातच शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले असताना कृष्णा-पंचगंगेच्या काठावर तीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर झाली, याचे खापर एकट्या शेतकऱ्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. पाणीपट्टी घनमीटरवर न आकारता एकरावर आकारली गेली, वीज बहुधा रात्री मिळाली, आणि रात्री पंप सुरू करून शेतकरी घरी गेला तर पाणी किती झाले हे पाहायला बांधावर कोणी नसते. पाणी जास्त दिल्याचा भुर्दंड ज्या व्यवस्थेत लगेच कोणालाच पडत नाही, त्या व्यवस्थेत ते जास्तच दिले जाणार.

रासायनिक खतांची गोष्ट याला जोडूनच येते. आडसाली उसासाठी महाराष्ट्रात हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे, जी मुळातच मोठी आहे, आणि एकरी शंभर टनांच्या स्पर्धेत ती अनेकदा ओलांडली जाते. पिकाने न उचललेले नत्र नायट्रेटच्या रूपाने विहिरीत उतरते किंवा अमोनियाच्या रूपाने हवेत जाते. स्फुरदाची खते ज्या खडकापासून बनतात त्यात कॅडमियम या विषारी धातूचा अंश असतो. एका हंगामात तो नगण्य असला तरी धातू कुजत नाहीत, उडून जात नाहीत आणि म्हणून दशकानुदशके साठत राहतात. कॅडमियम मातीतून धान्यात आणि धान्यातून हाडांत कसा जातो हे जपानमधील तोयामा प्रांताने पाहिले, जेथे खाणीचे पाणी जिंझू नदीतून भातशेतीत गेल्याने हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा रोग पसरला, १९६८ साली सरकारने त्याचे कारण मान्य केले आणि १९७० मध्ये शेतजमिनीच्या प्रदूषणाविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. डीडीटी आणि बीएचसी ही कीटकनाशके भारतीय शेतीतून अनुक्रमे १९८९ आणि १९९७ मध्ये हद्दपार झाली तरी त्यांचे अंश जुन्या शेतजमिनीत अजूनही सापडतात. याउलट मातीला ज्याची खरी गरज आहे तो सेंद्रिय कर्ब उसाच्या हेक्टरी आठ-दहा टन पाचटातून मिळू शकतो आणि ते पाचट अनेक ठिकाणी तोडणी झाल्याबरोबर पेटवून दिले जाते. या जिल्ह्यातील शेतीचा हा सर्वांत निरर्थक तोटा म्हणावा लागेल.

आता कारखान्यांकडे वळायला हरकत नाही. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि त्या गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. कापड विणण्याने फारसे प्रदूषण होत नाही, ते होते त्यानंतरच्या प्रक्रियेत: खळ काढणे, धुणे, कॉस्टिक सोड्यात उकळणे, विरंजन आणि रंगाई. सुती कापडावर वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्यात पक्के बसावेत म्हणून रंगाच्या हौदात मीठ किंवा सोडियम सल्फेट लिटरमागे कित्येक ग्रॅम घालावे लागते, आणि रंग बसल्यावर ते जवळजवळ सगळे सांडपाण्यात येते. सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रात जिवाणूंच्या साहाय्याने सेंद्रिय द्रव्ये कमी करता येतात, परंतु विरघळलेले मीठ जिवाणू खात नाहीत. ते काढायचे तर पटलातून गाळण्याची किंवा पाणी आटवण्याची महाग व्यवस्था लागते. त्यामुळे नियमांत बसेल अशी प्रक्रिया होऊनही सोडियम पाण्यात राहू शकतो, आणि प्रक्रिया न होता इचलकरंजीच्या काळ्या ओढ्यातून पंचगंगेत गेलेल्या पाण्याविषयी तर बोलायलाच नको. तेरवाड आणि शिरोळ बंधाऱ्यांत मासे मेल्याच्या बातम्या येतात तेव्हा चर्चा नदीची होते. तेच पाणी पंपाने उचलून त्याच तालुक्यातील शेतांना दिले जाते याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. कोल्हापूर शहरातील जयंती आणि दुधाळी नाल्यांतून येणारे सांडपाणीही याच नदीत मिसळत आले आहे. साखर कारखान्यांच्या मद्यार्क निर्मितीतून निघणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर असतो, म्हणून योग्य पातळ करून आणि मोजून दिल्यास ते खतासारखे उपयोगी पडते, पण तेच न मोजता शेतात सोडले तर त्यातील क्षार आणि सेंद्रिय भार मातीतील प्राणवायू संपवून टाकतात.

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतशाळांचा, ज्यांना सर्वजण फौंड्री म्हणतात, प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. ओतकामाचे साचे वाळूत रेझिन किंवा बेंटोनाइट मिसळून करतात, आणि काही वापरांनंतर ही वाळू जळून निकामी होते; ती उघड्यावर भराव म्हणून टाकली गेली तर फिनॉलसारखी द्रव्ये आणि धातूंचे अंश पावसाने खाली उतरतात. ही वाळू भाजून पुन्हा वापरण्याचे तंत्र उपलब्ध आहे आणि ते फायद्याचेही आहे, तेव्हा येथे अडचण ज्ञानाची नसून शिस्तीची आहे. ज्या उद्योगाने कोल्हापूरचे नाव जगभर नेले, त्या कोल्हापुरी चपलेचे कातडे मात्र परंपरेने हिरडा आणि बाभळीची साल यांनी कमावले जात असल्याने क्रोमियमच्या ज्या प्रदूषणाने इतरत्र चर्मोद्योगाची गावे पोळली आहेत, त्यापासून ही पद्धत मुक्त राहिली, एवढे नोंदवून पुढे जायला हवे.

पश्चिमेच्या डोंगरांत दुर्गमानवाडीसारख्या ठिकाणी बॉक्साइटसाठी सडे उघडे केले गेले, तेव्हा वरचा पातळ मातीचा थर निघून गेला. तेथील धूप पावसाळ्यात ओढ्यांना लाल करते. महापुरांचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत, ज्यांपैकी शेवटच्या दोहोंत राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ४३ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, शिरोळ आणि करवीर तालुक्यांतील जमीन आठवडाभर आणि काही ठिकाणी त्याहून अधिक काळ पाण्याखाली राहिली. एवढा काळ माती बुडाली की तिच्यातील प्राणवायू संपतो, नत्र उडून जाते, आणि पाणी ओसरताना प्लास्टिक, तेल व गटारातला गाळ मागे राहतो. दुसरीकडे हेच पुराचे पाणी वरचे क्षार काही अंशी धुऊनही नेते, पण निचरा बंद असलेल्या शेतात ते धुतलेले क्षार चार-पाच फुटांवर थांबतात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतात.

उपाय करताना क्रम महत्त्वाचा असतो आणि तोच नेमका चुकतो. चोपण जमिनीसाठी जिप्सम सुचवले जाते, कारण त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्यात येतो. परंतु ते पाणी शेताबाहेर गेलेच नाही तर सोडियम तेथेच राहतो आणि जिप्समचा पैसा वाया जातो. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम, मग ताग किंवा धैंचा यांसारखे हिरवळीचे खत, असा क्रम आहे. भूमिगत निचऱ्यात छिद्रे असलेल्या पन्हाळीदार पीव्हीसी नळ्या गाळणीचे कापड गुंडाळून चार-पाच फूट खोल ठरावीक अंतरावर आणि उतारावर पुरतात, त्या मोठ्या वाहिनीला जोडतात आणि ती वाहिनी ओढ्यात सोडतात. एकट्या शेतकऱ्याला हे करता येत नाही, कारण त्याचे पाणी शेजाऱ्याच्या आणि त्याच्याही शेजाऱ्याच्या रानाखालून जायचे असते, आणि एकरी खर्च लाखाच्या घरात जातो. शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने गावोगावच्या शेतकऱ्यांचे गट करून, कर्जाची व्यवस्था करून आणि सामाईक मुख्य वाहिन्या टाकून हे काम हजारो एकरांवर नेले, आणि वर्षानुवर्षे पडीक असलेल्या शिवारांत पुन्हा पिके उभी राहिली. ज्या सहकाराने पाणी आणले, त्याच सहकाराच्या पायावर निचरा उभा राहावा, हे या भागाच्या प्रकृतीला धरूनच झाले.

तरीही या यशाची एक बाजू सांगितली पाहिजे. नळ्यांतून बाहेर पडलेले क्षार नाहीसे होत नाहीत. ते ओढ्यातून कृष्णेत आणि कृष्णेतून कर्नाटकात जातात, आणि त्यांच्याबरोबर न वापरले गेलेले नत्रही जाते. सिंचनाचे पाणी ठिबकने कमी केले नाही, तर भूमिगत निचरा म्हणजे आपल्या रानातील मीठ खालच्या गावाला देण्याची सोय एवढाच अर्थ उरेल. सरकारी बाजूने पाहता पाण्यासाठी १९७४ चा आणि हवेसाठी १९८१ चा कायदा असलेल्या या देशात मातीसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. २०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, वाहकता, सेंद्रिय कर्ब आणि नऊ अन्नद्रव्ये अशा बारा गोष्टी तपासल्या जातात, पण चोपणपणा ज्याच्यावर ठरतो तो विनिमयक्षम सोडियम त्यात नाही, आणि जड धातू किंवा कीटकनाशकांचे अंशही नाहीत. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांच्या जमिनीसाठी ही पत्रिका म्हणूनच अपुरी आहे.

नदीकाठी ऊस घेणाऱ्या शेतकऱ्याने निदान तीन वर्षांतून एकदा, ऊस तुटल्यानंतर आणि पावसापूर्वी, एका फुटापर्यंतचा, एक ते दोन फुटांमधला आणि दोन ते तीन फुटांमधला असे मातीचे तीन वेगवेगळे नमुने काढून तपासून घ्यावेत, कारण वरच्या नमुन्यात न दिसणारे क्षार खालच्या नमुन्यात आधी दिसतात. आणि नमुना कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी देताना सामू व वाहकतेबरोबर विनिमयक्षम सोडियमची तपासणी आवर्जून मागून घ्यावी. सिंचनाचे पाणी विहिरीचे असेल तर त्याची बाटलीही त्याच वेळी द्यावी.